सुट्टी बेतून देऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही ‘सुट्टीत मुलांना कुठे गुंतवाल?’ असा मोठ्या अक्षरात मथळा दिला होता. मी शिवणकाम करते. चाळीस वर्षं मशीनवर बसले आहे. गुंता हा शब्द नुसता वाचला तरी माझा हात बॉबिनकडे जातो, कारण आमच्याकडे गुंतलं की काम बंद. दोरा तुटतो, सुई मोडते, आणि उसवत बसावं लागतं ते वेगळंच. तेव्हा मुलांना गुंतवायचं म्हणजे नेमकं काय करायचं ते बघायला मी पुरवणी उघडली. आत दीड पान लेख आणि अडीच पानं शिबिरांच्या जाहिराती. लेखाचा शेवटही शिबिरावरच.

पत्रं लिहायची मला सवय नाही. खरं सांगायचं तर तुमचा पेपर मी वाचते त्यापेक्षा कापते जास्त. कपड्यांचे नमुने काढायला पेपरासारखा कागद नाही. मोठा असतो, घडी नीट पडते, आणि छापलेल्या ओळींमुळे उभं-आडवं धरायला सोपं जातं. पण या विषयात मला जे थोडंफार कळतं ते त्या दीड पानात कुठेच नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

सुट्टीत माझ्याकडे तीन नातवंडं असतात. थोरला अकरा वर्षांचा, मधली आठची, धाकटा पाचचा. मुलगा आणि सून सकाळी नऊला बाहेर पडतात ते संध्याकाळी सातला येतात. मधले दहा तास माझे. या दहा तासांत मला कामही उरकायचं असतं, त्यामुळे मुलांच्या मागे मागे फिरणं जमत नाही. तिघांना शिबिराला घालायची ऐपत नाही आणि एकाला घातलं तर उरलेले दोघं घर डोक्यावर घेतात. म्हणजे स्वस्तात भागवणं मी काही हौसेनं निवडलेलं नाही.

तरी दोन वर्षांपूर्वी मधलीला एका शिबिराला घातलं होतं, दहा दिवसांच्या. नाव सांगत नाही, वाईट लोक नव्हते. शेवटच्या दिवशी ती कागदाचं घुबड घेऊन आली. सुरेख होतं. मी सवयीनं ते उलटं करून पाहिलं, कारण कपड्याची शिलाई आतूनच बघायची असते. सगळे भाग साच्यानं कापलेले, कडा एकसारख्या. डोळे कुठे चिकटवायचे तिथे आधीच गोल छापलेले. मी विचारलं, तू यात काय केलंस? म्हणाली, “गोंद लावला.” मग जरा थांबून म्हणाली, “मी चोच वर लावली होती, पण ताईंनी काढून नीट लावली.” सगळ्यांची घुबडं सारखी होती म्हणे. ताईंना मी दोष देत नाही. समोर तीस पोरं, आणि बाहेर पाच वाजता आईबाप उभे, मुलाच्या हातात काहीतरी दिसलं पाहिजे म्हणून. त्यांच्या जागी मी असते तर मीही चोच काढून खालीच लावली असती.

आमच्या धंद्यात याला बेतणं म्हणतात. कापड आलं की आधी नमुने मांडायचे, कुठे पुढा, कुठे पाठ, कुठे बाही, मग कात्री. बेतलेल्या तुकड्याचं काय होणार ते ठरलेलं असतं. बाहीची बाहीच होते. उरतात त्या चिंध्या, ज्यांचं काहीच ठरलेलं नसतं. आणि या एवढ्या वर्षांत, माझी स्वतःची मुलं धरून, एकाही पोरानं माझ्याकडे बेतलेला तुकडा मागितलेला नाही. सगळ्यांना चिंध्याच हव्या असतात. तुमच्या लेखातलं सुट्टीचं वेळापत्रक, सकाळी हे, दुपारी ते, संध्याकाळी तिसरं, मी दोनदा वाचलं. चिंधीभरही वेळ उरवलेला नाही हो त्यात.

पहिले तीन दिवस वाईट जातात हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर लोक म्हणतील आजी साखर पेरते आहे. “आजी, कंटाळा आला.” दर दहा मिनिटांनी. मी मान वर करत नाही. “मलाही आलाय, पण सात फ्रॉक द्यायचेत,” एवढंच म्हणते. भांडणं होतात, रडारड होते, धाकटा पायमशीनच्या पायट्याखाली बोट घालून बघतो. चौथ्या दिवशी केव्हातरी माझ्या लक्षात येतं की बराच वेळ कुणी हाक मारलेली नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली मुलांच्या हक्कांचा करार केला, त्याच्या ३१व्या कलमात मुलांना विश्रांतीचा, रिकाम्या वेळेचा आणि खेळण्याचा हक्क दिला आहे. सुनेनं मला हे वाचून दाखवलं. बघा, खेळाच्याही आधी विश्रांती आणि रिकामा वेळ आला आहे. मला फार बरं वाटलं. आपण आळशीपणानं जे करत होतो ते करारात निघालं!

आता चौथ्या दिवसानंतर काय होतं ते सांगते. सगळं सांगत बसले तर तुमचं पान पुरणार नाही.

या सुट्टीत सगळ्यात जास्त चाललेली वस्तू म्हणजे तुमचा पेपर. थोरल्यानं एका कोपऱ्यापासून तिरपा गुंडाळत नेला आणि त्याची नळी केली. पहिली ढिली झाली, लगेच वाकली. मी त्याला विणकामाची लांब सुई दिली, म्हटलं हिच्याभोवती गुंडाळ, घट्ट. मग सुई ओढून काढायची आणि नळी दोन ठिकाणी दोऱ्यानं बांधायची. अशी नळी उभी धरून वरून दाबली तर चांगलाच दम धरते. दोन दिवसांत पन्नासएक नळ्या झाल्या आणि त्यांचं घर बांधायचं ठरलं. चार नळ्यांचा चौकोन बांधला, दुसरा बांधला, चार खांब लावले, आणि सगळं घर एका बाजूला असं काही कललं की धाकटा हसून हसून लोळायला लागला. पुन्हा बांधलं. पुन्हा कललं. दोऱ्याच्या गाठी आवळल्या, तरी तेच. थोरला रडकुंडीला आला.

इथे माझ्याच्यानं राहवलं नाही. मी एक कापडाचा चौकोनी तुकडा त्याच्या हातात दिला. म्हटलं, उभा ओढ. ताणला नाही. आडवा ओढ. नाही. आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून तिरपा ओढ. लगेच ताणला गेला. याला आम्ही उरेब म्हणतो. गळ्याला गोल पट्टी लावायची तर कापड उरेबच कापावं लागतं, कारण तेच वळतं. कापड म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांचे बारीक बारीक चौकोन. तिरपं ओढलं की प्रत्येक चौकोन पतंगासारखा होतो, धागा मात्र एकही लांबत नाही. त्यानं तुकड्याकडे पाहिलं, आपल्या घराकडे पाहिलं, आणि काही न बोलता प्रत्येक चौकोनात एक तिरपी नळी बांधली. घर थांबलं. चौकोनाचे त्रिकोण झाले आणि त्रिकोणाला कलताच येत नाही. बाजू लांब-आखूड झाल्याशिवाय त्याचा आकार बदलूच शकत नाही. मग त्यानं सहा नळ्यांचा चार टोकांचा एक सुळका केला, तो कसाही टाकला तरी तीन टोकांवर बसतो आणि चौथं वर. तो अजून मशीनशेजारी आहे, मी त्यावर टेप अडकवते.

चाळीस वर्षं उरेब कापते आहे, पण ते आणि पेपरचं घर एकच आहे हे मलाही त्याच दिवशी दिसलं. असं बेतून झालं असतं का?

दुपारच्या उन्हात किंवा पाऊस असला की टिंबांचा खेळ चालतो. गणित शिकणारी एक मुलगी माप द्यायला यायची, तिनं शिकवला. १९६७ साली केंब्रिजमध्ये जॉन कॉनवे आणि मायकेल पॅटर्सन या दोन गणितज्ञांनी काढलेला खेळ आहे. कागद-पेन्सिल सोडून काही लागत नाही. कागदावर तीन टिंबं काढायची. आपल्या पाळीला कुठलीही दोन टिंबं रेषेनं जोडायची, किंवा एका टिंबातून निघून फिरून त्याच टिंबाला यायचं. रेषा हवी तशी वाकडी चालेल, पण दुसऱ्या रेषेला कापून जाता कामा नये. जोडली की त्या रेषेवर कुठेतरी एक नवं टिंब द्यायचं. एका टिंबाला तीनच रेषा येऊ शकतात, तीन झाल्या की ते मेलं. ज्याला रेषा काढायला जागा उरत नाही तो हरला.

मधली मला पहिल्याच दिवशी विचारायला लागली, दर खेपेला नवं टिंब येतं, मग हा खेळ संपतो कसा? मी म्हटलं, तूच शोध, मला काजं करायची आहेत. दोन दिवसांनी थोरल्यानं शोधलं. प्रत्येक टिंबाला तीन जीव धरायचे. तीन टिंबांचे नऊ. एक रेषा काढली की दोन जीव खर्च होतात, आणि नवं टिंब जन्मतानाच दोन रेषांवर असतं म्हणून त्याच्याकडे एकच जीव उरलेला असतो. दोन गेले, एक आला. म्हणजे दर पाळीला एक जीव कमी. आणि शेवटच्या टिंबाचा एक जीव तरी शिल्लक राहणारच, म्हणून तीन टिंबांचा खेळ आठ पाळ्यांच्या पुढे जाऊच शकत नाही. आम्ही मोजून पाहिलं, कधी सहा, कधी सात, कधी आठ. सहाच्या आतही कधी संपला नाही. मी बहुतेक वेळा हरते. धाकट्याला नियम झेपत नाहीत, तो टिंबांना डोळे आणि पाय काढतो, त्याचाही कागद वेगळा ठेवलेला आहे.

तिसरी गोष्ट अंधाराची. खिडकीला काळं अस्तर दुहेरी लावून कडा पुठ्ठ्यानं बंद केल्या आणि मधोमध पेन्सिल जाईल एवढं भोक पाडलं. बाहेर लख्ख ऊन हवं. आत दार लावून बसायचं आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत पाच-सात मिनिटं गप्प राहायचं, हीच यातली मोठी परीक्षा. मग भोकासमोर पांढरं कापड धरायचं. समोरचं झाड, भिंत, रस्त्यानं जाणारी सायकल, सगळं कापडावर दिसतं, रंगांसकट, आणि उलटं! वरचा उजेड भोकातून सरळ येतो तो खाली जाऊन पडतो, खालचा वर. आमच्या मधलीनं बाहेर जाऊन शीर्षासन करायचा प्रयत्न केला, म्हणजे आतल्यांना ती सरळ दिसेल. दिसली, क्षणभर. नंतर पडली. मग वेगवेगळ्या भोकांचे पुठ्ठे लावून झाले. भोक मोठं केलं की चित्र उजळ पण पुसट, लहान केलं की रेखीव पण अंधूक. झाडाखाली सावलीत उन्हाचे जे गोल ठिपके पडतात तेही असेच, पानांच्या फटींतून पडलेली सूर्याची चित्रं. फटी कशाही असोत, ठिपके गोलच. तेव्हापासून तिघं खाली बघत चालतात. ते बरंच आहे, कारण सूर्याकडे थेट बघायचं नाही हे मला रोज बजावावं लागतं.

या सगळ्याला जे लागलं ते घरात पडलेलं होतं. पण याला फुकट म्हणू नका. मागच्या सुट्टीत मधलीनं चिंधी समजून एका गिऱ्हाइकाची बेतलेली बाही कापली. सरळ मधोमध. मी मुलीवर ओरडले, मग स्वतःवर ओरडले, मग जोड पट्टी लावून नक्षी असल्यासारखं दाखवता येईल का ते पाहिलं. शेवटी खरं काय ते सांगून टाकलं आणि कापडाचे पैसे दिले. ती गिऱ्हाईक पुन्हा आली नाही. तेव्हापासून जमिनीवर खडूची रेघ आहे. रेघेच्या अलीकडे माझं, पलीकडे मुलांचं. पलीकडच्या टोपलीत पडलेली वस्तू मी परत मागत नाही, आणि पलीकडची कात्री बोथट टोकाची. बटणांचा डबा मात्र शेजारचं रांगतं बाळ आलं की वर फळीवर जातो. तीन वर्षांखालच्या पोराच्या हाती बटण म्हणजे घशात गेलंच समजा.

मोबाईलबद्दल मी काही बोलणार नाही. दुपारी एक तास देते, कारण त्या तासात मलाही पाठ टेकायची असते.

सुनेनं एकदा त्याच मोबाईलवर मला एक चित्र दाखवलं. ब्रुगेल नावाच्या चित्रकारानं १५६० साली काढलेलं, आता व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. एका चौकात दोनशेच्या वर मुलं खेळताहेत, आणि जाणकारांनी त्यात ८० हून जास्त खेळ मोजले आहेत. मी आधी कपडे पाहिले, सवयच ती. मग वस्तू पाहिल्या. पिंपाच्या कड्या, रिकामी पिंपं, काठ्या, विटा, हाडांचे सागरगोटे. कुणी कुंपणालाच घोडा केलंय. विकत आणलेलं म्हणावं असं फार थोडं, बाकी सगळं मोठ्यांच्या कामातून उरलेलं. अमेरिकेत रॉचेस्टरला खेळण्यांचं एक संग्रहालय आहे, तिथे उत्तम खेळण्यांना मानाचं स्थान देतात. २००५ साली तो मान पुठ्ठ्याच्या खोक्याला मिळाला, २००८ साली काठीला, २०११ साली पांघरुणाला. माझ्या नव्या मशीनचं खोकं तीन महिने टिकलं होतं. आधी गाडी, मग दवाखाना, मग तुरुंग, आणि शेवटी धाकट्याची झोपायची जागा. मशीन मात्र पहिल्याच आठवड्यात दुरुस्तीला गेलं.

मला असं दिसतं की मुलांना आपलं लक्ष सारखं नको असतं. आपण जवळ असावं, आपल्याच कामात असावं, आणि आपल्या कामाचा उरलासुरला माल त्यांच्या हाती लागावा, एवढं त्यांना पुरतं. सुताराकडे भुसा असेल, कारकुनाकडे पाठकोरे कागद, माळ्याकडे रोपांच्या रिकाम्या पिशव्या. मी अडले तर ती विचारतात आणि ती अडली तर मी, बस.

पण ज्यांच्या घरी दिवसभर मोठं माणूसच नाही त्यांनी काय करायचं, हे मला विचारतील लोक, आणि बरोबरच आहे. शेजारीण दिवसभर बाहेर असते, तिची दोन पोरं माझ्याकडे येतात. तिच्या सुट्टीच्या दिवशी माझी तिन्ही तिच्याकडे जातात. पाच पोरं तीनपेक्षा सोपी पडतात, हे कुणाला खरं वाटत नाही. भांडायला जोड्या बदलून मिळतात ना! ही सोय सगळ्यांना जमेलच असं नाही. काहींना शिबिराशिवाय गत्यंतर नसतं, त्यांनी खुशाल घालावं. फक्त घातल्यावर पाच वाजता मुलाच्या हाताकडे बघू नये. तो काहीही न घेता बाहेर आला तर तो दिवस चांगला गेला असेल, निदान चोच तरी कुणी काढून लावली नसेल.

तुम्हाला एकच मागणं आहे. पुढच्या वेळी जाहिराती छापा, तुमचं पोट त्यावर आहे, पण लेखात शिबिरांचे पत्ते देण्याऐवजी एक-दोन खेळांचे नियम द्या. टिंबांच्या खेळाला तुमचा एक रकानाही लागणार नाही. आणि कागद जरा जाड वापरता आला तर बघा, हल्लीच्या अंकाच्या नळ्या पूर्वीसारख्या बसत नाहीत.

तुमच्या लेखातली वाक्यं मी आठवून लिहिली आहेत, एखादा शब्द इकडेतिकडे झाला असेल. पुन्हा बघायला हवं होतं, पण ते पान घराच्या मागच्या खांबात गेलं आहे आणि मुलं सोडायला देत नाहीत.

आपली,
शिवणकाम करणारी एक आजी

ता. क. नाव छापू नये ही विनंती. ती बाहीवाली बाई तुमचाच पेपर वाचते.